बायकल ४६एम: सोळा महिने लिव्हर ओढल्यावर

डाव्या कोपराला पट्टा बांधून हे लिहितोय. पट्टा देताना डॉक्टरांनी विचारलं होतं, "रोज विहिरीचं पाणी शेंदता का?" म्हटलं, "नाही, पिस्तुलात हवा भरतो." त्यांनी एकदा चष्म्यावरून बघितलं आणि पुढचा पेशंट आत बोलावला.

पिस्तूल १० मीटर नेमबाजीचं, छर्‍याचं. रशियातल्या इझेव्हस्कचं, बायकल नावाने विकलं गेलेलं, मॉडेल इझ-४६एम. एके-४७वाल्या कलाश्निकोव्हनी ज्या गावात आयुष्याचा मोठा भाग काम केलं ते हेच इझेव्हस्क. पुण्यातल्या एका नेमबाजाने दोन वर्षं वापरून युरोपियन पिस्तूल घेतलं आणि हे मला विकलं. तेव्हापासून १६ महिन्यांत ५०० छर्‍यांचे २२ डबे संपले, म्हणजे ११ हजार वेळा लिव्हर ओढून झाला. सरावाला नुसताच ओढला ते वेगळं.

हा लिव्हर काय प्रकार आहे ते आधी सांगतो, कारण या पिस्तुलाचं भलं-बुरं सगळं तिथेच आहे. नळीच्या खाली लांबलचक दांडा असतो. तो पुढे पूर्ण उघडायचा की आत हवा येते. मग परत ओढून बंद करायचा की ती हवा दाबली जाते. मागच्या झाकणातून छर्रा नळीच्या तोंडाशी बसवायचा, झाकण लावायचं, आणि आता तुमच्याकडे एक गोळी आहे. एकच. दुसरीसाठी पुन्हा पहिल्यापासून. स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० गोळ्या मारायच्या असतात, त्याआधी अंदाज घ्यायच्या वेगळ्या. म्हणजे एका बैठकीला ७०-८० वेळा कुस्ती ठरलेली. पहिल्या आठवड्यात मला शर्टाची बाही वर करता येईना.

मग घेतलं कशाला? पैसे हे एक कारण. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्दिनी, काहीही नवं घ्यायचं तर दीड-दोन लाखांच्या घरात जातं आणि मी जिनिंगच्या ऑफिसात हिशेब लिहिणारा माणूस. पण खरं कारण हवा. ही सगळी महागडी पिस्तुलं नळीखालच्या छोट्या सिलिंडरवर चालतात, त्यात २०० बारच्या दाबाने हवा भरलेली असते. ती भरायला एकतर मोठी टाकी हवी, नाहीतर हातपंप. आमचा आठ-नऊ जणांचा गट अमळनेरला. मोठी टाकी भरून आणायची तर नाशिक गाठावं लागतं. एकदा टाकी परत आली ती अर्धीच भरलेली, आणि दुकानदार फोनवर म्हणतो, "तुमच्या गेजमध्ये फॉल्ट असेल." राहिला हातपंप. मे महिन्यात पत्र्याच्या गोडाऊनमध्ये, पारा ४४वर असताना, २०० बारपर्यंत हातपंप मारून बघा. आमच्या गटातल्या दोन पोरांनी त्यानंतर नेमबाजी सोडली, एक तर सरळ कॅरमकडे गेला.

सिलिंडरचं आणखी एक, जे सेकंडहँड घेणार्‍याला कुणी सांगत नाही. त्यावर तारीख असते. बनवल्यापासून दहा वर्षं झाली की स्पर्धेत तो चालत नाही, आणि तारीख बघायची जबाबदारी खेळाडूची. स्वस्तात मिळालेल्या पिस्तुलाचे दोन्ही सिलिंडर मुदत संपलेले निघाले म्हणजे स्वस्ताई तिथेच संपली. माझ्या पिस्तुलाला सिलिंडरच नाही. हवा फुकट, अमळनेरची, जेव्हा हवी तेव्हा. वीज गेली तरी आहे, दुकान बंद असलं तरी आहे.

आता दोष. हात आखडता घेणार नाही.

लिव्हर झाला. दुसरं वजन. तसं ते १३०० ग्रॅमच्या आसपास, नियमात १५००पर्यंत चालतं, पण नळी जवळजवळ २८ सेंटिमीटर आणि खाली तो दांडा, त्यामुळे सगळा भार पुढे. हात लांब करून धरलं की पाचव्या सेकंदाला माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा खुंट, खाली बसायला लागते. वर्षभर दंडाचा व्यायाम केला तेव्हा कुठे ती नेमाच्या मागच्या खाचेत टिकायला लागली. तिसरं मूठ. माझ्याकडे आली तेव्हा ती मूठ नव्हतीच, खुर्चीचा पाय होता. कानस, सॅण्डपेपर आणि सुताराकडची लांबी (पुट्टी), यावर तीन रविवार घालवले. अंगठ्याच्या बुडाशी कोरलं, तळव्याच्या खोलगटीत भरलं, परत कोरलं. आज ती मूठ दुसर्‍या कुणाच्या हातात बसत नाही. माझ्या हातात डोळे मिटून बसते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ट्रिगर ठीक. नियमाप्रमाणे किमान ५०० ग्रॅम ओढ लागते, ती स्क्रूवर लावता येते. पण महागड्या पिस्तुलांचा ट्रिगर काच फुटल्यासारखा सुटतो, याचा जरा कच्च्या बिबड्यासारखा, म्हणजे ज्वारीच्या पापडासारखा, तुटतो. सवय होते.

एक बिघाड झाला, पण त्यात कंपनीची काडीची चूक नाही. चौथ्या महिन्यात लिव्हर जरा कुरकुरायला लागला म्हणून मी बायकोच्या शिलाई मशीनचं तेल आत सोडलं. आतलं सील रबराचं. मशीनचं तेल खनिज, त्याने रबर फुगतं. दोन आठवड्यांत छर्रे कार्डाच्या खालच्या अर्ध्यात पडायला लागले आणि मी आपला माशी-खाच फिरवत बसलो. गटातल्या सरांनी पिस्तूल कानाशी धरलं, लिव्हर बंद केला, थांबले आणि म्हणाले, "हवा सुटतेय. तेल घातलंस का रे?" सिलिकॉनचं तेल लागतं, तेही थेंबभर. नवीन सील यायला पाच आठवडे गेले. बायकोने तेलाची बाटली आता कपाटात कुलपात ठेवलीय.

मग आवडण्यासारखं काय? नळी. या नळीबद्दल मी एक वाकडा शब्द ऐकलेला नाही आणि माझ्याकडेही नाही. १० मीटरवर दहा गुणांचं मधलं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढं. पिस्तूल शिकंज्यात बांधून चांगल्या छर्‍याने मारलं तर पाचही छर्रे एकाच भोकातून गेल्यासारखे जातात. म्हणजे नऊ पडला, आठ पडला, तर तो माझा. पिस्तुलाकडे बोट दाखवायला जागाच ठेवलेली नाही. सुरुवातीला ६००पैकी ४९८ येत होते, आता ५४०च्या आसपास येतात. फार नाहीत, मला माहीत आहे. पॅरिसला २०२४मध्ये मनू भाकरने दोन कांस्यपदकं घेतली तेव्हा आमच्या गोडाऊनमध्ये पेढे वाटले होते. पण त्याआधी टोकियोत तिच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, मिनिटं गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली, तेही आम्ही विसरलेलो नाही. लाखाची वस्तू बिघडत नाही असं नाही.

बाकी मधल्या मधल्या गोष्टी. पिस्तुलाची पेटी घेऊन एसटीत बसणं ही एक कला आहे. आमच्या जिल्ह्यात चोपड्याकडून गावठी कट्टा पकडल्याची बातमी पेपरात नसेल तर पेपर कालचा असतो. एकदा कंडक्टरने पेटीकडे बघून विचारलं, "पेटीमा काय शे भाऊ?" म्हटलं, "छर्रानं पिस्तूल शे, लायसन नई लागस." पुढचे दोन थांबे माझ्या शेजारची सीट रिकामीच होती. ०.१७७ इंच बोअर (नळीचं भोक) आणि २० जूलच्या आतली ताकद, एवढ्यात असलेल्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही हे खरं, पण बिलाची झेरॉक्स पेटीत ठेवा. वाद घालण्यापेक्षा कागद दाखवणं सोपं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दिवाळीनंतर सरांनी त्यांचं स्विस पिस्तूल दोन आठवडे वापरायला दिलं. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, हलकं, मऊ, सिलिंडर भरलेला. लिव्हर नाही. छर्रा घातला, झाकण लावलं, मारला. पहिल्या दिवशी वाटलं, इतके दिवस आपण बैलगाडीतच होतो. दोन आठवड्यांनी गुण मोजले तर ५३८. माझ्या रशियनवर त्याच महिन्यात ५४१. मला वाटलं मोजायला चुकलो.

चुकलो नव्हतो. लिव्हर ओढायचा नसल्यामुळे मी घाई करत होतो. नऊ पडला की चिडून लगेच दुसरा. इकडे माझ्या रशियनवर नऊ पडला की आधी पिस्तूल खाली, लिव्हर पुढे, थांबा, लिव्हर मागे, छर्रा, झाकण, श्वास. तेवढ्यात चीड उतरलेली असते. जो दोष म्हणून मी वर पहिल्या नंबरला लिहिला, त्याच्याभोवती माझा सगळा सराव गुंडाळला गेलाय. दोष काढला आणि सराव सुटा झाला. आणि मूठ. सरांची मूठ त्यांच्या हाताची, तिचा कोन वेगळा. डोळे मिटून हात वर केला की माझी माशी खाचेच्या वरच निघायची. मनगट दर वेळी खाली दाबावं लागायचं.

या कोनावरून ज्या पिस्तुलांबद्दल नुसतं वाचलंय तीही समजायला लागली. अमेरिकेत ग्लॉकवाले आणि १९११वाले यांचं एकमेकांशी पटत नाही. १९११ हे ब्राउनिंग या अमेरिकन बंदूक बनवणार्‍याचं डिझाइन, अमेरिकन सैन्यात १९११पासून १९८५पर्यंत चाललं. पोलादी, जड, मॅगझिनमध्ये सातच गोळ्या. ग्लॉक ऑस्ट्रियाच्या सैन्याने १९८२मध्ये निवडलं. प्लास्टिकची चौकट, मॉडेल १७मध्ये सतरा गोळ्या. पण बाजूला खटक्याची सेफ्टी नाही, आणि साफ करायला उघडायचं तर आधी ट्रिगर दाबावाच लागतो. आत गोळी राहिली असेल तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. दोन्ही बाजूंना एकमेकांचे दोष तोंडपाठ असतात, तरी कुणी बाजू बदलत नाही. ग्लॉकची मूठ जास्त तिरकी आहे. १९११वर हात बसलेल्या माणसाने ते उचललं की नळी वर बघते. त्याला ते पिस्तूल 'चुकीचं' वाटतं, पण चुकीचं काही नसतं, मनगट दुसरीकडे वळवलेलं असतं. हजारो गोळ्या मारून वळवलेलं मनगट माणूस कंपनी चांगली की वाईट यावरून परत वळवत नाही. हे मला सरांच्या पिस्तुलावर कळलं. ग्लॉक कधी हातात घेतलेलं नाही आणि घेणारही नाही, त्याची ९ मिमीची गोळी आपल्याकडे सामान्य माणसाला मिळतच नाही.

पण पारोळ्याला माझे मामा आहेत, त्यांच्यापुढे हे तत्त्वज्ञान चालत नाही. कापसाचा व्यापार, हंगामात रोकड घेऊन फिरायचं, म्हणून परवाना आणि कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२चं रिव्हॉल्व्हर. वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या धाटणीचं, मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं. ट्रिगर इतका जड की ओढता ओढता नेम हलतो. काडतूस कमजोर. मामांनी नऊ वर्षांत फार तर बारा गोळ्या मारल्या असतील. म्हणजे मनगट वळण्याचा प्रश्नच नाही. तरी त्याला नाव ठेवलं की मामा ताट सोडून उठतात.

त्यांचं कारण मला वेगळंच दिसतं. बाहेरच्या पिस्तुलांची आयात १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला बंद आहे. म्हणून देशात आधीपासून असलेली जुनी वेब्ली, वॉल्थर नव्या मालापेक्षा महाग जातात, आणि बाकीच्यांना कानपूर. निवडायला मुळात फारसं नसतंच. त्यात परवान्यासाठी हेलपाटे, पोलिसांची चौकशी, नूतनीकरण. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करा, संपली की सोडवून आणा. एवढं करून मिळवलेली वस्तू वाईट आहे असं कोण म्हणेल? मी एकदा म्हटलं, "मामा, ट्रिगर फार जड आहे हो." तर म्हणाले, "तुले काय करनं शे? तुनं छर्रानं खेळनं सांभाळ." मामी आतून हसत होत्या. त्या रिव्हॉल्व्हरला तेल-पाणी दर महिन्याला त्याच करतात, आणि हो, योग्य तेलाने.

कुणाला ४६एम घ्यायचं असेल तर इतकंच बघा. एक छर्रा लिव्हर बंद केल्याबरोबर मारा, दुसर्‍याला लिव्हर बंद करून पाच मिनिटं थांबा आणि मग मारा. दुसरा पहिल्यापेक्षा खाली गेला तर सील गेलंय. लिव्हरच्या खिळीत आडवा खेळ आहे का ते हलवून बघा. मागच्या झाकणाने नुसता ट्रिगर चढतो का ते तपासा, कारण हवा न भरता कोरडा सराव करायची ती सोय पिस्तुलाच्या निम्म्या किमतीची आहे. सीलचा जादा संच आधी मिळवा, पिस्तूल नंतर. आणि खांदा, कोपर आधीच दुखत असेल तर नादी लागू नका, कर्ज काढून सिलिंडरवालं घ्या. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना तर मुळीच देऊ नका, लिव्हर त्यांच्याने मिटत नाही आणि बोट मध्ये आलं तर चेमटतं.

सरांचं स्विस पिस्तूल आता विकायला आहे, त्यांना नवं मॉडेल घ्यायचंय. मला हप्त्याने द्यायला तयार आहेत. मी तीन दिवस मागितले होते. त्याला आता दीड महिना झाला. मधल्या काळात सीलचे आणखी दोन संच मागवले आणि मुठीवर अंगठ्यापाशी पुन्हा थोडी कानस मारली.