सर्व्हे का मुलाखती?
लहान्या भावानं इचारलं, एमएच्या प्रबंधाले रोजगार हमीवर सर्व्हे करू का मुलाखती. खर्च पाह्यला तं सर्व्हेले झेरॉक्स अन् गावोगावचं पेट्रोल, मुलाखतीले पैसा कमी पण तासभराचं बोलणं लिहून काढाले अख्खा दिवस जाते. सर्व्हे सांगते किती जणाले काम भेटलं, काऊन नाही भेटलं ते नाही सांगत. एका मावशीच्या फॉर्मवर ‘काम मागितलं नाही’ वर टिक होती, पराटीच्या धुऱ्यावर बसून बोललो तवा समजलं का तिनं तोंडी मागितलं होतं, पावतीच नाही भेटली, अन् काम मागून १५ दिवसांत नाही भेटलं तं २००५ च्या रोजगार हमी कायद्यात जो बेकारी भत्ता होता, थो पावतीशिवाय तिनं कसा मागाचा होता? तालुक्याचा आकडा पाहिजे असन, यादीतून चिठ्ठ्या टाकून घरं निवडता येत असन, तं सर्व्हे कर. एकाच गावात कारण शोधाचं असन तं मुलाखतीच.