पान कुठे तोडायचं: एंटर, पेज ब्रेक, सेक्शन ब्रेक की कॉलम ब्रेक?

प्रबंध जमा करायच्या आदल्या संध्याकाळी पेनड्राइव्ह माझ्या टेबलावर येतो. फाइल उघडली की मजकूर वाचायच्या आधी मी वर्डच्या ‘होम’ टॅबवरचं परिच्छेदखुणा दाखवणारं बटण दाबते. उलट्या ‘पी’सारखं दिसतं ते. दाबलं की प्रत्येक एंटरची खूण पानावर उमटते. आणि बहुतेक वेळा प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी त्या खुणांची माळ खालपर्यंत लोंबताना दिसते: पंधरा, वीस, पंचवीस एंटर. पुढचं प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून मारलेले.

नवं पान, नवा विभाग किंवा नवा रकाना सुरू करण्यासाठी वर्ड, लिबरऑफिस रायटर आणि गूगल डॉक्स या तिन्हींत वेगवेगळी साधनं आहेत. ती एकमेकांसारखी दिसतात, म्हणून गोंधळ होतो. निवडताना मी एकच प्रश्न विचारते: पान बदलायचं कारण कशात आहे? त्या जागेत, त्या मथळ्यात, की पानाच्या रूपात? याचं उत्तर सापडलं की साधन आपोआप ठरतं.

आधी एंटरबद्दल, कारण सगळ्यात जास्त वापर त्याचाच होतो. एंटर मारून मजकूर पुढच्या पानावर ढकलला की तुमच्या संगणकावर तो बरोबर दिसतो. पण त्या पानावर किती ओळी मावतात यावर सगळा डोलारा उभा असतो. मार्गदर्शकांनी दुसऱ्या प्रकरणात दोन वाक्यं वाढवायला सांगितली की पुढची सगळी प्रकरणं दोन-तीन ओळी खाली सरकतात आणि मथळा पानाच्या मध्यावर येऊन बसतो.

मराठीत हा त्रास जास्त जाणवतो, कारण देवनागरी फाँटांची ओळीची उंची एकसारखी नाही. मंगल फाँट ओळीला भरपूर जागा घेतो. अक्षराच्या आकाराचा आकडा तोच ठेवून कोकिला किंवा अपराजिता लावला तर अक्षर लहान दिसतं आणि पानावर जास्त ओळी मावतात. छापखान्यातल्या संगणकावर तुमचा फाँट नसेल तर वर्ड मुकाट्याने दुसरा लावतो, आणि एंटरवर बेतलेलं प्रत्येक पान हलतं. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटातला मजकूर युनिकोडमध्ये आणतानाही हेच होतं. एका स्मरणिकेचा जुना मजकूर मी असाच रूपांतरित करून घेतला होता. अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली, पानं एंटरने ढकललेली. रूपांतर झाल्यावर एकाही लेखाचं पान अनुक्रमणिकेशी जुळेना. प्रत्येक लेखाच्या शेवटचे एंटर मोजून काढायचे, मथळा नव्या पानावर न्यायचा आणि मग आकडे दुरुस्त करायचे, असं रात्रभर चाललं. तेव्हापासून एंटर हे पान तोडायचं साधन आहे असं मी मानतच नाही. दोन परिच्छेदांमध्ये मोकळी जागा हवी असली तरी ती परिच्छेदाच्या ‘स्पेसिंग’मधून द्यावी.

आता खरी तुलना: साधा पेज ब्रेक की शैलीतला (म्हणजे मथळ्याच्या ‘स्टाइल’मध्येच घातलेला) पेज ब्रेक?

साधा पेज ब्रेक म्हणजे कंट्रोल आणि एंटर एकत्र. तिन्ही प्रोग्रॅममध्ये हेच चालतं, आणि एकदाच लागणाऱ्या जागेसाठी याहून सोपं काही नाही. अर्पणपत्रिका वेगळ्या पानावर हवी आहे, ऋणनिर्देशानंतर मनोगत नव्या पानावर सुरू करायचं आहे, अर्जासोबत जोडपत्र द्यायचं आहे, अशा वेळी कंट्रोल-एंटर दाबा आणि पुढे चला.

पण दहा प्रकरणांचा प्रबंध असेल तर प्रकरणाच्या मथळ्याच्या शैलीतच ती सूचना घालणं शहाणपणाचं. वर्डमध्ये ‘हेडिंग १’ शैली बदलायला घ्या, ‘फॉरमॅट’मधून ‘पॅराग्राफ’ उघडा, ‘लाइन अँड पेज ब्रेक्स’वर जा आणि ‘पेज ब्रेक बिफोर’वर खूण करा. यापुढे हेडिंग १ लावलेला प्रत्येक मथळा आपणहून नव्या पानावर जाईल. प्रकरणांचा क्रम बदलला, मधलं प्रकरण काढून टाकलं, तरी हात लावावा लागत नाही. अनुक्रमणिकाही याच शैलीवरून आपोआप तयार होते, म्हणून एकाच कामात दोन्ही साधतात.

वर्डमध्ये या दोहोंत आणखी एक फरक आहे आणि तो फार छळतो. वर्डचा साधा पेज ब्रेक हा मजकुरात बसलेलं एक चिन्ह असतो. प्रकरणाचा मजकूर पानाच्या अगदी शेवटच्या ओळीपर्यंत भरला की ते चिन्ह पुढच्या पानावर ढकललं जातं, तिथून ते पुन्हा पान तोडतं आणि मध्ये एक कोरं पान उभं राहतं. ‘हे पान कुठून आलं आणि डिलीट का होत नाही?’ या प्रश्नाचं एक नेहमीचं उत्तर हेच. (दुसरं नेहमीचं उत्तर: फाइलच्या शेवटी तक्ता असेल तर त्याखाली वर्ड एक रिकामा परिच्छेद ठेवतोच, तो काढता येत नाही. त्याच्या अक्षराचा आकार १ करा, पान जातं.) शैलीतल्या सूचनेला स्वतःची ओळ लागत नाही, म्हणून तिथे असं कोरं पान येत नाही. रायटरमध्ये कंट्रोल-एंटर दाबलं तरी ती सूचना पुढच्या परिच्छेदाचा गुण म्हणूनच साठवली जाते. या एका बाबतीत मला रायटर वर्डपेक्षा उजवा वाटतो. गूगल डॉक्समध्येही ओळींतल्या अंतराच्या मेनूत परिच्छेदाआधी पान तोडायची सोय आहे.

काही वेळा मात्र ब्रेकच नको असतो. मथळा पानाच्या तळाशी आणि त्याचा मजकूर पुढच्या पानावर, हे दिसलं की हात लगेच कंट्रोल-एंटरकडे जातो. तिथे थांबा. उद्या वरची चार वाक्यं कमी झाली की तो मथळा पानाच्या मध्यावर येईल, आणि तिथेच पान तुटून खाली अर्धं पान मोकळं राहील. इथे ‘कीप विथ नेक्स्ट’ हवं. म्हणजे मथळ्याला सांगायचं की पुढच्या परिच्छेदाला सोडून राहू नकोस. वर्डच्या तयार हेडिंग शैल्यांत हे आधीच असतं. मथळा नुसताच ठळक करून मोठा केला असेल तर अर्थातच ते नसतं. तक्त्याच्या किंवा चित्राच्या वर लिहिलेल्या शीर्षकालाही हेच लावा.

लांब तक्त्यांचंही तसंच. सोसायटीच्या वार्षिक अहवालात सभासदांची यादी चार पानं चालते. प्रत्येक पानावर वरची शीर्षकाची ओळ दिसावी म्हणून लोक तक्त्यात पेज ब्रेक घालतात आणि ओळ पुन्हा टाइप करतात. वर्डमध्ये पहिली ओळ निवडून ‘रिपीट हेडर रोज’ म्हटलं की ती प्रत्येक पानावर येते. पण हाताने ब्रेक घातलेला असेल तर त्या पानावर ती येत नाही. दोन्हींपैकी एकच ठेवा, आणि ब्रेक काढून टाका.

सेक्शन ब्रेक कधी? पानाचं रूप बदलायचं असेल तेव्हाच. प्रबंधात याची तीन ठरलेली ठिकाणं असतात. सुरुवातीच्या पानांना रोमन आकडे आणि पहिल्या प्रकरणापासून १, २, ३. परिशिष्टातला रुंद तक्ता आडव्या पानावर. आणि प्रत्येक प्रकरणाचं नाव पानाच्या वरच्या पट्टीत, म्हणजे ‘हेडर’मध्ये. साधा पेज ब्रेक यातलं काहीच करू शकत नाही, कारण तो फक्त पान बदलतो, रूप नाही.

वर्डमध्ये ‘लेआउट’ टॅबवर ‘ब्रेक्स’ उघडलं की सेक्शन ब्रेकचे चार प्रकार दिसतात: पुढचं पान, त्याच पानावर चालू, सम पान, विषम पान. पुस्तकातलं प्रकरण उजव्या पानावरच सुरू व्हावं असं वाटत असेल तर विषम पानाचा घ्या. आधीचं प्रकरण विषम पानावर संपलं असेल तर मधलं कोरं पान वर्ड स्वतः सोडतो. स्क्रीनवर ते दिसत नाही, फक्त पानाचा आकडा एकाने पुढे उडी मारतो. छापताना मात्र ते येतं, म्हणून पानांचा हिशेब फर्म्यात (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांच्या संचात) बसवायच्या आधी पीडीएफ काढून पानं मोजा.

वर्डच्या सेक्शन ब्रेकबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायला हवी. विभागाचं रूप, म्हणजे समास, पान उभं की आडवं, रकाने किती, हे त्या विभागाच्या शेवटी असलेल्या ब्रेकमध्ये साठवलेलं असतं. तो ब्रेक खोडला की वरचा विभाग खालच्याचं रूप घेतो. आडव्या तक्त्याच्या आधीचा ब्रेक चुकून डिलीट झाला आणि अख्खं प्रकरण आडवं झालं, हे मी कितीदा तरी पाहिलंय. घाबरू नका, कंट्रोल-झेड करा. आडव्या पानाला दोन ब्रेक लागतात, एक आधी आणि एक नंतर, हेही विसरलं जातं.

वरच्या पट्टीचं काम करताना क्रम पाळा. आधी सगळे ब्रेक घाला. मग प्रत्येक विभागात जाऊन ‘लिंक टू प्रीव्हियस’, म्हणजे आधीच्या विभागाच्या पट्टीशी असलेली जोडणी, बंद करा. मग मजकूर लिहा. उलट क्रमाने गेलात तर तिसऱ्या प्रकरणाचं नाव पहिल्याच्या डोक्यावर चढतं.

रायटरमध्ये ही व्यवस्था वेगळी आहे. तिथे प्रत्येक पानाला शैली असते, आणि हाताने ब्रेक घालताना विचारलं जातं की पुढच्या पानाला कोणती शैली आणि कोणता आकडा हवा. आडव्या पानाची शैली तयारच मिळते. हे समजायला एक दिवस जातो, पण समजलं की वर्डच्या लिंक तोडण्यापेक्षा मला ते स्वच्छ वाटतं. एकच खाच: रायटर विषम आकड्याचं पान उजवीकडचं मानतो, म्हणून आकडे पुन्हा १ पासून सुरू केले की तो कधीकधी मध्ये कोरं पान घालतो.

गूगल डॉक्समध्ये सेक्शन ब्रेक दोनच प्रकारचे आहेत, पुढच्या पानाचा आणि त्याच पानावर चालू राहणारा. आडवं पान आणि वेगळे आकडे जमतात, पण विषम पानावर सुरुवात करायची सोय नाही. चार जणांनी मिळून मजकूर लिहायचा असेल तर डॉक्सला तोड नाही. पुस्तकाची शेवटची मांडणी मात्र मी तिथे करणार नाही. आणि फाइल ‘पेजलेस’ रूपात असेल तर पानच नसतं, तिथे पेज ब्रेक शोधत बसू नका.

आता रकाने. दिवाळी अंकातला लेख दोन रकान्यांत लावला आणि चौकट दुसऱ्या रकान्याच्या माथ्यावरच हवी असेल तर कॉलम ब्रेक घालायचा. वर्ड आणि रायटरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर. शेवटच्या रकान्यात तो घातला तर मजकूर पुढच्या पानाच्या पहिल्या रकान्यात जातो. रकानेच नसतील तर वर्डमध्ये तो पेज ब्रेकसारखा वागतो. आणि वर्डच्या तक्त्यात उभे असताना हीच कळ तक्त्याचे दोन तुकडे करते, तेवढं सांभाळा.

लेखाच्या शेवटी डावा रकाना भरलेला आणि उजव्यात चारच ओळी, हे विचित्र दिसतं. ते सारखं करायला कॉलम ब्रेक वापरू नका, कारण एक शब्द बदलला की तो चुकतो. वर्डमध्ये लेखाच्या शेवटी ‘त्याच पानावर चालू’ सेक्शन ब्रेक घाला, दोन्ही रकाने आपोआप समान होतात. रायटरमध्ये विभाग करून त्याच्या रकान्यांत मजकूर समान वाटायची खूण करा.

कॉलम ब्रेकचा चुकीचा वापर मला सर्वांत जास्त दिसतो तो पारायणाच्या पुस्तिकांत. डावीकडे अभंग, उजवीकडे त्याचा अर्थ. लोक दोन रकाने करतात, चार ओळींच्या अभंगानंतर कॉलम ब्रेक, अर्थ लिहून झाला की पुन्हा ब्रेक. दुसऱ्या अभंगासाठी मजकूर पुढच्या पानावर निघून जातो, कारण रकाना वरून खाली आणि मग पुढे असाच वाहतो. त्याला शेजारच्या रकान्यातल्या मजकुराशी देणंघेणं नसतं. समोरासमोर राहायला हवा असा मजकूर तक्त्यातच बसवायचा: दोन रकान्यांचा तक्ता, प्रत्येक अभंगाला एक ओळ, सगळ्या रेषा अदृश्य. वर्डच्या ‘टेबल प्रॉपर्टीज’मध्ये ओळ दोन पानांत तुटू देण्याची खूण काढली की अभंग आणि त्याचा अर्थ एकाच पानावर राहतात. अर्थ कितीही वाढला तरी पुढचा अभंग त्याच्या खालूनच सुरू होतो.

एंटरने भरलेली फाइल हातात आलीच तर मी असं करते. मूळ फाइलची प्रत काढते. ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये एकापाठोपाठच्या दोन परिच्छेदखुणांच्या जागी एक, असं पुन्हापुन्हा करते, सगळ्या माळा संपेपर्यंत. कवितांच्या कडव्यांमधली मोकळी ओळ यात जाते, म्हणून कविता आधी वेगळ्या काढून ठेवायच्या. मग प्रकरणांच्या मथळ्यांना हेडिंग १ लावते, त्या शैलीत पेज ब्रेक घालते, लागतील तिथेच सेक्शन ब्रेक घालते आणि अनुक्रमणिका नव्याने काढते. छापखान्याला पीडीएफ देते, आणि वर्डची फाइलही द्यायची असेल तर वर्डच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘सेव्ह’खाली फाँट फाइलमध्येच जोडायची खूण करून.