काजूगर पाठवायचा तर आधी दुबई की आधी जपान?

वेंगुर्ल्याजवळच्या माझ्या कारखान्यात रोज टनभर काजू बी फोडून होतं. गर दुबईलाही पाठवलाय आणि जपानलाही. आपल्याकडचे नवे कारखानदार विचारायला येतात तेव्हा बहुतेकांच्या मनात जपान असतं, कारण तिथं दर चांगला मिळतो. ते खरं आहे. तरीही पहिला कंटेनर कुठं पाठवावा, याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे.

कागदपत्रांत फारसा फरक नाही. जपानशी आपला व्यापार करार १ ऑगस्ट २०११ पासून लागू आहे, अमिरातीशी १ मे २०२२ पासून. करारातली आयातशुल्काची सवलत मागायची तर दोन्हीकडे मालाच्या मूळ देशाचा दाखला लागतो. बी गावचंच असेल तर काम सोपं. आफ्रिकेतलं मिसळत असाल तर दोन्हींची नोंद पहिल्या दिवसापासून वेगळी ठेवा.

जपानचं कौतुक मनापासून करतो. एकदा ठरलेला दर माझ्या ग्राहकानं माल निघाल्यावर कधी बदलला नाही. फवारणीच्या बाबतीत मात्र ते फार कडक. ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला तिथं २००६ पासून ०.०१ पीपीएमची (दहा लाख भागांत ०.०१ भाग) सरसकट मर्यादा आहे. काजूवरच्या ढेकण्या किडीवर कोणत्या बागेत काय मारलं, हे बागायतदाराकडून लिहून घ्यावं लागतं. या निमित्तानं आमच्याकडच्या नोंदी सुधारल्या, याचा मला आनंदच आहे.

दुबईत घासाघीस चालते. एकदा माल तिथल्या जेबेल अली बंदरात उतरल्यावर ग्राहकानं मूठभर तुकड्याचा फोटो पाठवला आणि दर उतरवायला सांगितला. कंटेनर बंदरात, भाडं चढतंय, मी उतरवला. तेव्हापासून थोडी रक्कम आगाऊ आणि बाकीची रक्कम बँकेमार्फत कागदपत्रं सोडवताना, हे ठरवून घेतलं. पुन्हा तसा प्रसंग आला नाही. चलनाची काळजीही तिथं कमी, कारण दिरहॅम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे. येनचं तसं नाही. २०२२ मध्ये एक डॉलर १५० येनच्या वर गेला. आमचा व्यवहार डॉलरमध्ये, म्हणजे माझे पैसे सुरक्षित होते, पण माल महाग पडू लागल्यावर तिकडच्या माणसानं ऑर्डरच पुढं ढकलली. त्यात त्याचाही दोष नाही.

माझा निर्णय ज्या गोष्टीवर झाला, ती यातली एकही नाही.

जपानच्या ग्राहकाला एकच प्रत हवी होती, ३२० चा अख्खा गर (म्हणजे एका पौंडात साधारण ३२० बसतात तो; आकडा लहान तितका गर मोठा), पूर्ण कंटेनर. वीस फुटी कंटेनर म्हणजे साधारण १६ टन. टनभर बियातून माझ्याकडे २५० किलोच्या आसपास गर पडतो. त्यात ३२० चा माल जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणजे ८० किलो. वेंगुर्ला ४ आणि ७ या जातींचं बी मोठं, त्या लॉटमध्ये तर आणखी कमी. हिशोब केलात तर २०० दिवसांचं काम होतं. तोवर बी घ्यायला मार्च ते मे मध्ये काढलेल्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या कर्जावर, व्याज चालू, आणि २४०, पाकळी (दोन भाग झालेला गर), तुकडा गोदामात पडून.

शेवटचे डबे भरायच्या आधी सोलणीच्या टेबलावर दोन पांढरी ताटं मांडली. एकात एप्रिलमध्ये फोडलेला गर, दुसऱ्यात भर पावसाळ्यातला. पहिला हस्तिदंती, दुसरा किंचित पिवळसर. चवीत मला तरी फरक कळला नाही. पण नमुन्याशी रंग जुळत नाही म्हणून तिकडून नकार आला, आणि नियमानं तो बरोबरच होता. पुन्हा निवडायला बसलेल्या बायकांचे चेहरे अजून डोळ्यांसमोर आहेत. आठ महिने रोज जपून बाजूला काढलेला माल होता तो.

दुबईचा ग्राहक एकाच कंटेनरमध्ये २४०, ३२०, पाकळी, तुकडा सगळं घेतो. फोडलेला माल दोन-अडीच महिन्यांत बाहेर पडतो. न्हावाशेव्यातून बोट सुटली की जेबेल अली चार-पाच दिवसांवर, जपानला मात्र तीन-चार आठवडे धरायचे.

तुमचा कारखाना रोज पाच-सहा टनांचा असेल तर माझं गणित तुम्हाला लागू नाही. जपानला जरूर जा, तसं गिऱ्हाईक टिकून राहतं. टन-दोन टनवाल्यांनी मात्र, मला वाटतं, आधी दुबई धरावी. जपान मीही सोडलेला नाही. पुढच्या हंगामात शेजारच्या तीन कारखान्यांचा एप्रिल-मेमधला ३२० चा माल एकत्र करून एक कंटेनर भरायचं चाललंय. चौघांच्याही बागांच्या फवारणीच्या वह्या मी आतापासूनच मागवून ठेवल्यात.