वायरलेस मेकॅनिकल कीबोर्ड: 'प' गिळतो, बाकी तक्रार नाही (जवळजवळ)

गणपतीच्या आधल्या आठवड्यात माझ्या कीबोर्डचं D बटण गेलं. इंग्रजीत टाइप करणाऱ्याचं एक अक्षर अडलं असतं. मी इनस्क्रिप्टवर, म्हणजे भारतीय भाषांच्या ठरलेल्या बटणरचनेवर, मराठी टाइप करते आणि तिथे D म्हणजे पाय मोडायचं बटण. ते गेलं की जोडाक्षरं गेली. समोर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आलेले बाबा बसलेले आणि स्क्रीनवर 'उतपनन'.

ती दुपार कशी काढली ते आधी सांगते, कुणाला तरी उपयोगी पडेल. विंडोजच्या मराठी लेआउटमध्ये शिफ्ट धरून ४ दाबलं की रफार येतो, म्हणून 'अर्ज' वाचला. शिफ्ट-३ ला रकार, शिफ्ट-६ ला त्र, म्हणून 'प्रमाणपत्र'ही निघालं. अडलं ते 'उत्पन्न'. मग लक्षात आलं, शिफ्ट-३ ने रकार आणायचा आणि बॅकस्पेस मारायचा. बॅकस्पेस फक्त र खोडतो, मोडलेला पाय तसाच राहतो. त्यापुढे प मारला की झालं 'त्प'. एका जोडाक्षराला अशी कसरत, पण संध्याकाळपर्यंत एकही माणूस परत पाठवला नाही.

माझी अमळनेरला तहसील कचेरीबाहेर टपरी आहे. दाखल्यांचे अर्ज, वारस नोंदी, प्रतिज्ञापत्रं, कापसाच्या नुकसानीचे अर्ज. टेबल एवढंसं. त्यावर लॅपटॉप, प्रिंटर, शाईचं पॅड, रजिस्टर आणि समोरच्याचा कोपर. म्हणून ६५ टक्केवाला, म्हणजे पूर्ण कीबोर्डपेक्षा कमी बटणांचा, घेतला होता: ॲरो आहेत, वरची F ची ओळ नाही, नंबरपॅड नाही, ब्लूटूथ, हॉट-स्वॅप (प्रत्येक बटणाखालचा स्विच ओढून काढून दुसरा बसवता येतो), ब्राऊन जातीचे स्विच. साडेपाच हजाराच्या आत बसला. पहिल्याच दिवशी एक आजोबा बघून म्हणाले, "ताई, हाई काय पोऱ्हेसनं खेयनं शे का?" किंमत मी त्यांना सांगितली नाही. घरीही अजून पूर्ण सांगितलेली नाही.

आता वॉरंटी. होती. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण बाकीच्यांकडेही हेच चालतं असं ऐकते. मेल केली, उत्तर आलं: कीबोर्ड रिसेट करा. केला. मग फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतला प्रोग्रॅम, अपडेट करा. केलं. मग बिघाडाचा व्हिडिओ पाठवा, त्यात सिरियल नंबर दिसला पाहिजे. सिरियल नंबर कीबोर्डच्या पोटाखाली, बिघाड पाठीवर. दोन्ही एका व्हिडिओत कसं घ्यायचं? जावेच्या पोराला उभं केलं, त्याने कीबोर्ड उचलून धरला, मी D मारत राहिले. तो व्हिडिओ 'अस्पष्ट' ठरला. शेवटी निकाल असा, की कीबोर्ड मूळ खोक्यात घालून सर्व्हिस सेंटरला पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा, दोन-तीन आठवडे लागतील. मी लिहिलं, "अहो, हॉट-स्वॅप म्हणून विकता ना, मग एक स्विच पाकिटात घालून पाठवा." सुटे स्विच म्हणे वॉरंटीत बसत नाहीत. वीस-तीस रुपयांचा तुकडा! जाण्या-येण्याच्या कुरिअरमध्ये असे डझनभर आले असते.

मग PgDn चं कॅप काढलं, त्याखालचा स्विच पुलरच्या चिमट्याने ओढला आणि D च्या जागी बसवला. D चा होता तो PgDn खाली. D चालू, PgDn बंद. म्हणजे दोष स्विचचा, आतल्या सर्किटच्या पट्टीचा नाही. हा तपास कंपनीने पहिल्याच मेलमध्ये सांगायला हवा होता. स्विच बसवताना दोन गोष्टी मात्र बघा: त्याच्या तांब्याच्या पिना सरळ आहेत का, आणि तो खाली सरळ दाबला जातोय का. पिन वाकडी असताना जोर लावला की ती चपटी होते, आणि खालचं सॉकेट उखडलं तर मग खरंच सर्व्हिस सेंटर. नवीन स्विच मागवताना तुमच्या बोर्डाला तीन पिनांचे लागतात की पाच पिनांचेही बसतात तेही बघून घ्या. मी गॅटरॉन कंपनीचे ब्राऊन, दहा नगांचं पाकीट घेतलं.

स्विच का गेला म्हणाल, तर माझा संशय धुळीवर. आतमध्ये दोन पातळ पत्र्या असतात, बटण दाबलं की एकमेकींना टेकतात. चैत्र-वैशाखात आमच्याकडे वारा सुटला की टपरीत मातीचा थर बसतो, त्यात शेजारी झेरॉक्स. गॅटरॉनच्या स्विचला ५ कोटी दाबांचं आयुष्य सांगतात. ते बंद खोलीतल्या यंत्राने मोजलेले दाब असणार, तिथे कचेरीचं आवार नसतं. आता रात्री वरून जुन्या उशीचा अभ्रा टाकते. कंपनीचं प्लास्टिकचं झाकण आठशेला मिळतं. नको.

आता मुख्य मुद्दा. बाकी सगळे रिव्ह्यू आवाजावर पानं भरतात, याच्याबद्दल एक ओळ लिहीत नाहीत.

हा कीबोर्ड झोपतो. दहा मिनिटं हात लावला नाही की बॅटरी वाचवायला ब्लूटूथ बंद करतो. पुढचं पहिलं बटण दाबलं की जागा होतो, पण ते अक्षर काही स्क्रीनवर येत नाही. ते गेलं. माझं काम कसं, तर माणूस येतो, बसतो, पिशवीतून कागद काढतो, कागद चुकीचा निघतो, घरी फोन लावतो. दहा मिनिटं सहज जातात. मग मी सुरू करते, आणि प्रत्येक अर्ज सुरू होतो 'प्रति'ने. 'प' गिळला. उरलं नुसतं रकार-ति, आधाराला अक्षर नाही म्हणून विंडोज तिथे ठिपक्यांचं गोल काढतं. हे बरं, लगेच दिसतं तरी. कधी कधी जागं व्हायला याला थोडा जास्त वेळ लागतो आणि प च्या मागचा मोडलेला पायही जातो. मग कागदावर येतं:

रति,
मा. तहसीलदार साहेब

हसू नका. प्रिंट मारायच्या आत दिसलं म्हणून निभावलं. समोरच्या जिभाऊंनी स्क्रीनकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विनाकारण खोकले.

जागं होईपर्यंत आलेलं एखादं अक्षर लक्षात ठेवायला आणि जोडणी झाली की पुढे पाठवायला किती मेमरी लागते? या बोर्डात दिव्यांचे अठरा प्रकारचे नाच साठवलेले आहेत, लाटा काय, इंद्रधनुष्य काय. एका 'प' ला जागा नाही. २.४ गिगाहर्ट्झचा डोंगल लावून बघितला. जाग लवकर येते, पण गिळायचं पूर्ण थांबत नाही, आणि लॅपटॉपचं एक पोर्ट अडतं. वायर लावली की झोपतच नाही. बरोबर आहे, पण वायरलेसचे जादा पैसे मोजून वायर लावायची असती तर साधाच घेतला असता.

काहीजण विचारतात, याला मराठी चालतं का? कीबोर्ड फक्त कोणतं बटण दाबलं ते कळवतो, अक्षर विंडोज ठरवतं. त्यामुळे कुठलाही चालतो. बटणांवर मात्र नुसती इंग्रजी अक्षरं असतात. देवनागरीचे स्टिकर मी लावले होते, मे महिन्याच्या घामात कडा उचलल्या, काढून टाकले. बोटांना पाठ असेल तर गरज नाही. पाठ नसेल तर या कीबोर्डच्या आधी ते करा. साठ टक्क्यांपर्यंतच्या बोर्डात मराठीचं काही हरवत नाही हे सांगून ठेवते: 'ऑ' आणि 'ॉ' बॅकस्लॅशवर आहेत, ते बटण असतं, डावीकडच्या कोपऱ्यातलं टिल्डवालं बटण Esc ने खाल्लेलं असतं, पण त्यावरचं ऱ्हस्व ओ-चं चिन्ह मराठीला लागतच नाही. 'शेतकऱ्यांना' मधला ऱ शिफ्ट-J ने येतो, तोही जागेवर.

खरी मजा आली बटणं बदलण्यात, व्हीआयए नावाच्या प्रोग्रॅममध्ये. क्रोममध्ये उघडतो, फायरफॉक्समध्ये नाही, आणि त्या वेळी कीबोर्ड वायरने जोडलेला लागतो. उजवं कंट्रोल मी कधी वापरत नव्हते, त्यावर विंडोज-स्पेस बसवलं. आता एका बोटाने इंग्रजी-मराठी पालटतं. आधार क्रमांक, गट नंबर, परत मजकूर, दिवसात शेकडो वेळा लागतं हे. या एका गोष्टीसाठी मी कंपनीच्या निम्म्या मेल माफ केल्या. बदल कीबोर्डच्याच पोटात राहतात, त्यामुळे घरच्या कॉम्प्युटरला जोडला तरी तसेच.

संध्याकाळी सासऱ्यांच्या कृषी केंद्राचं टॅली माझ्याकडे. तिथे हा कीबोर्ड उघडा पडतो. टॅलीत पेमेंट F5, रिसीट F6, जर्नल F7, विक्री F8, खरेदी F9, आणि या बोर्डावर F च नाही. Fn धरून आकडे दाबा म्हणे. Fn उजव्या कोपऱ्यात, म्हणजे एक हात अडकला. म्हणून कॅप्स लॉक काढून त्याला थर बदलायचं बटण केलं: धरलं की वरचे आकडे F होतात, आणि J-K-L वर १-२-३, U-I-O वर ४-५-६ येतात, ७-८-९ ला मात्र कॅप्स सोडून वरचेच आकडे. जुन्या छोट्या लॅपटॉपवर असायचं तसं. माझ्या बोटांना ते बसलं. कॅप्स लॉक गेल्याची चुकूनही आठवण आली नाही, मराठीत कॅपिटल कसले!

आवाजाचं थोडक्यात. स्पेसबार खुळखुळत होता, त्याच्या तारेला सिलिकॉन ग्रीस लावलं, थांबला. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये दुसऱ्या कामाला गेले होते तेव्हा छोटी ट्यूब आणली. पट्टीच्या मागे मास्किंग टेप चिकटवतात म्हणून तेही केलं. दहा रुपयांची टेप, आवाज जरा भरीव झाला, इतकंच. सगळे स्विच उघडून एकेकाला वंगण लावणारे लोक आहेत. त्यांच्या घरी स्वयंपाक कोण करतं, मला माहीत नाही.

बॅटरीचं मात्र ऐका. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४४-४५ ला जातो, पत्र्याच्या टपरीत त्याहून वर. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांपुढे चार्ज करू नये. म्हणून दुपारी टपरीत कधीच चार्जिंगला लावत नाही, रात्री घरी लावते. दिवे पहिल्या दिवसापासून बंद. दिवे बंद असले की महिना-महिना चार्जर लागत नाही, म्हणून त्या नाचांचा मला इतका राग.

इथपर्यंत नवरात्रात लिहून ठेवलं होतं. त्यानंतर फर्मवेअर पुन्हा अपडेट केलं (या वेळी कुणी सांगितलं नव्हतं), आणि सेटिंगमध्ये झोपेची वेळ दिसली. ३० मिनिटं केली, त्यापुढे जात नाही. आता 'प' सकाळी पहिल्या अर्जाला जातो आणि जेवून आल्यावर. बॅटरी आधीपेक्षा लवकर उतरते, चालेल. म्हणजे वर जे तावातावाने लिहिलं ते निम्मं मागे घ्यायला हवं. घेत नाही, कारण ही सोय त्यांनी स्वतःहून कळवली नाही. मेलमधून सिरियल नंबर चार वेळा विचारला, हे एकदाही सांगितलं नाही. मी माणूस समोर बसला की आधी रिकामं शिफ्ट दाबते, मग नाव विचारते. तेवढ्यात तो जागा होतो.

हाच बोर्ड पुन्हा घेईन का? टपरीसाठी हो, पण हॉट-स्वॅप असेल तरच. तालुक्याच्या गावात वॉरंटीपेक्षा सुट्या स्विचचं पाकीट जास्त कामाचं. दुकानासाठी नाही. आबांना, म्हणजे सासऱ्यांना, कॅप्स धरून J-K-L वर आकडे मारायला लावून बघितलं. त्यांनी एका खताच्या पोत्याची किंमत एक लाख बारा हजार टाकली, चष्मा काढला आणि माळ्यावरून जुना मोठा कीबोर्ड स्वतः उतरवून आणला. तेव्हा आकड्यांचं काम जास्त असेल तर ७५ टक्केवालाही (F ची ओळ असते, नंबरपॅड नसतं) घेऊ नका, नंबरपॅडवालाच घ्या. आबांच्याला वायर आहे, बटणं पिवळी पडलीत, तीनशेला आला होता, आणि त्याच्यासाठी मी कुणाला आजवर एक मेल केलेली नाही.