एसट्रेस: काउंटर अडला की मी आधी हेच चालवतो

किराणा आणि मसाल्याच्या दुकानांत लिनक्सवर चालणारी बिलिंगची यंत्रं बसवणं आणि सांभाळणं हा माझा धंदा. काटा, स्कॅनर, थर्मल प्रिंटर, कॅश ड्रॉवर, सगळं लॅमिंग्टन रोडवरून आणायचं आणि जोडून द्यायचं. या कामात माझं सगळ्यात भरवशाचं हत्यार म्हणजे एसट्रेस, चालू प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमकडे काय मागतोय ते दाखवणारं साधन. फुकट आहे, उबुंटू किंवा डेबियन लिनक्सवर एका ओळीत बसतं आणि जुनाट यंत्रावरही चालतं. पॉल क्रॅनेनबर्ग यांनी 1991 मध्ये ते सनओएस या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी लिहिलं, मग ते लिनक्सवर आलं आणि आजही त्यात भर पडतेय.

ते करतं काय? प्रोग्रामला फाइल उघडायची असो, पोर्टवरून वाचायचं असो की प्रिंटरकडे बिल पाठवायचं असो, त्याला कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, मागणी करावीच लागते. हाच सिस्टिम कॉल. 64 बिटी इंटेल-एएमडी यंत्रावर प्रोग्राम ठरलेल्या रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रोसेसरमधल्या छोट्या कप्प्यात, मागणीचा क्रमांक ठेवतो (रीड म्हणजे वाचण्याचा 0, राइट म्हणजे लिहिण्याचा 1), बाकीच्या रजिस्टरमध्ये तपशील ठेवतो आणि कर्नलच्या हवाली होतो. उत्तर आलं की पुढे जातो. एसट्रेस कर्नलच्या पीट्रेस या सोयीच्या आधारे प्रत्येक मागणी आणि तिचं उत्तर ओळीने छापतं. गिरणीच्या गेटावरची नोंदवहीच म्हणा: कोण आत गेलं, काय घेऊन बाहेर आलं, सगळं कळतं, आत साच्यावर काय चाललंय ते मात्र नाही.

लालबागच्या मिरची गल्लीतलं एक दुकान. ऐन उन्हाळा, वर्षाचा मसाला करून न्यायला बायकांची ही रांग, आणि बिलिंगचा पडदा गोठलेला. सॉफ्टवेअरवाल्यांच्या हेल्पलाइनने प्रिंटर खराब आहे असं सांगून टाकलं होतं. मालक म्हणाले, "दादा, नवा प्रिंटर लावा आणि मोकळे व्हा." मी म्हटलं, "दोन मिनिटं थांबा, काका." गोठलेल्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रामचा) क्रमांक काढला आणि सुडो लावून, म्हणजे अ‍ॅडमिनच्या अधिकाराने, एसट्रेस त्याला जोडलं, वजा पी (कुठल्या प्रोसेसला जोडायचं) आणि वजा वाय (फाइलचं नावही दाखव) हे पर्याय देऊन. पडद्यावर एकच ओळ आली, तीही अर्धवट: रीड, कंस, 5 (प्रोग्रामने उघडलेल्या पोर्टचा क्रमांक), त्याला लागून काट्याच्या यूएसबी-सीरियल पोर्टचं नाव, स्वल्पविराम, आणि पुढे काही नाही. कंस पुरा होईना.

त्या अर्धवट ओळीत सगळं आलं. प्रिंटरचा काही संबंधच नव्हता. प्रोग्रामने काट्याकडून वजन मागितलं, काट्याची केबल मागून सैल झालेली, त्यामुळे एकही बाइट येईना, आणि कर्नलने प्रोसेसला झोपवून ठेवलं होतं. कर्नलची यात चूक नाही. तसा पोर्ट उघडला तर बाइट येईपर्यंत थांबवणं हेच त्याचं काम. चूक सॉफ्टवेअरची: रीडच्या आधी पोल (काही आलंय का ते ठरावीक वेळ बघणारा कॉल) लावून दोन सेकंदांची मुदत घालायला हवी होती. केबल घट्ट केली तशी ओळ पुरी झाली आणि बिल छापलं. ती ओळ मी सॉफ्टवेअरवाल्यांना पाठवली. "आमच्याकडे तर चालतंय" हे वाक्य त्यानंतर त्यांच्याकडून आलं नाही.

म्हणूनच मला हे इतकं प्रिय आहे. प्रोग्राम पडद्यावर 'अज्ञात त्रुटी' दाखवतो, पण कर्नलने त्याला स्पष्ट कारण दिलेलं असतं: फाइल नाही, परवानगी नाही, डिस्क भरली. एसट्रेस ते कारण जसंच्या तसं समोर ठेवतं.

उणिवाही सांगतो. प्रत्येक कॉलला प्रोग्राम दोनदा थांबतो, जाताना आणि येताना, त्यामुळे वेग चांगलाच पडतो. संध्याकाळच्या गर्दीत चालू काउंटरला ते जोडून ठेवू नका. वेळ विचारण्यासारखे काही कॉल कर्नलमध्ये न शिरताच भागतात, ते दिसत नाहीत. मेमरीत मॅप केलेल्या, म्हणजे थेट मेमरीसारखी वापरलेल्या, फाइलचं वाचन-लेखनही दिसत नाही. प्रोग्राम आतल्या आत गरगर फिरत असेल तर पडदा कोरा राहतो. प्रोग्राममध्ये थ्रेड, म्हणजे एकाच वेळी चालणारे अनेक धागे, असतील तर ते सगळे दाखवणारा वजा एफ हा पर्याय विसरू नका. आणि लॉग कोणाला पाठवण्याआधी डोळ्यांखालून घाला: राइटमधला मजकूर त्यात छापला जातो, म्हणजे गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबरसुद्धा. नेहमी पहिली 32 अक्षरंच दिसतात, पण नंबराला तेवढी पुरे होतात.

एक सोय फार थोडे लोक वापरतात, ती म्हणजे इंजेक्ट. एखाद्या कॉलला कर्नलकडून मुद्दाम नकार आल्याचं सोंग त्यातून करता येतं. नवीन बिलिंग सॉफ्टवेअर दुकानात नेण्याआधी मी ते घरच्या टेबलावर चालवतो आणि एफसिंक, एफडेटासिंक या (लिहिलेलं खरोखर डिस्कवर उतरव असं सांगणाऱ्या) दोन्ही कॉलना डिस्क बिघडल्याचं उत्तर द्यायला लावतो. चांगलं सॉफ्टवेअर तिथेच थांबून बिल जतन झालं नाही असं सांगतं. जे तरीही हिरवी खूण करून पुढचं बिल उघडतं, ते मी कुठल्याच दुकानात बसवत नाही.