नॉर्वेजियन मजकुरासाठी टेक आणि बाबेल: आठ महिन्यांचा वापर आणि तो तिसरा एस

टेक म्हणजे मजकूर छपाईसाठी मांडणारा प्रोग्राम, बाबेल म्हणजे त्याला वेगवेगळ्या भाषांचे नियम पुरवणारी जोड. दोन्ही फुकट आहेत, इन्स्टॉल कसं करायचं ते सगळ्यांना माहीत आहे. लिहायचंय ते ओळीच्या शेवटी तुटणाऱ्या जोडशब्दांबद्दल.

नॉर्वेजियन जोडशब्द सांध्यावरच तोडायचा, कारण उच्चारही सांध्याला धरून असतो. मुख्य आघात पहिल्या घटकावर. दुय्यम आघात दुसऱ्या घटकात, तो सुटा असताना जिथे पडतो तिथेच. 'स्ताशून' म्हणजे स्थानक, जोर 'शून'वर. त्याआधी 'बुस' (बस) लागला की मुख्य जोर 'बुस'वर जातो, 'शून'वर दुय्यम उरतो. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही, म्हणून चुकीची तोड आपल्याला खुपत नाही. नॉर्वेजियन वाचक मात्र अडखळतो. 'बील-डेलर' म्हणजे गाडीचे सुटे भाग. तोच 'बिल्डे-लेर' असा तुटला की दीर्घ ई ऱ्हस्व होते आणि अर्थ होतो 'चित्र हसतं'.

टेकला अर्थ कळत नाही, तो अक्षरांचे नमुने बघतो. म्हणून शंका असलेले शब्द 'शोहायफन्स' या आज्ञेला द्या आणि टेक ते कुठे तोडेल ते लॉग फाइलमध्ये बघा. चुकलेले 'हायफनेशन' या आज्ञेच्या अपवादयादीत टाका, पण प्रत्येक विभक्तिरूप वेगळं लिहा. यादी पूर्ण शब्दच जुळवते. 'आर्बाइड्सप्लास' (कामाची जागा) मधला दोन घटक जोडणारा एस पहिल्या घटकाकडे राहिला पाहिजे, तेही तपासा.

आता तिसरा एस. 'बुस'च्या शेवटी लिहिताना दोन एस असतात, म्हणून तो आणि 'स्तोप' (थांबा) जोडले की तीन एस लागोपाठ येतात. लिहिताना दोनच ठेवतात, पण ओळ तिथे तुटली की तिसरा परत यायला हवा: बुस-स्तोप. अपवादयादीला अक्षर वाढवता येत नाही. पहिले दोन महिने हा मला सरळसरळ दोष वाटत होता. ते मत बदललं. बाबेलच्या 'नॉर्स्क' म्हणजे नॉर्वेजियन पर्यायात सोय आहे: दुहेरी एसच्या आधी दुहेरी अवतरणचिन्ह टाका, झालं. 'नात-तोग' (रात्रीची गाडी) मधल्या टी या अक्षरालाही तेच चालतं. 'मुसिक-कोर्प्स' (वाद्यवृंद) मधल्या के या अक्षरासाठी मी 'डिस्क्रिशनरी' ही शब्द तुटल्यास आणि न तुटल्यास काय छापायचं ते सांगणारी आज्ञा हाताने लिहितो: तुटण्याआधी दोन के आणि हायफन, नंतर एक के, न तुटल्यास दोन के. मात्र साध्या टेकमध्ये त्यामुळे त्या शब्दातले बाकीचे आपोआप मिळणारे तोडबिंदू बंद होतात. लांब शब्दात उरलेल्या सांध्यांवर तोडखुणा स्वतः द्याव्या लागतात.

चीड अजून एकाच गोष्टीची आहे. खूण शब्दाच्या पोटात बसते, मग मूळ फाइलमध्ये तो शब्द शोधून सापडत नाही. म्हणून या खुणा मुद्रितशोधन संपल्यावरच घाला आणि नंतर ओळी पुन्हा एकदा बघा.