आठ बाय दहाच्या खोलीत हेवी बॅग, आठ महिने वापरून झाल्यावर

घरी पंचिंग बॅग लावायची म्हटलं की सगळे आधी बॅगच बघत बसतात, लेदर की रेक्झिन, चार फुटी की सहा फुटी, काळी की लाल. मीही तेच केलं आणि त्यात बराच वेळ गेला. आता वाटतं की छोट्या खोलीत बॅग हा सगळ्यात सोपा भाग आहे, ती कशाला टांगलीय आणि ठोसा बसल्यावर किती लांब जाते यावर सगळं ठरतं. त्यामुळे हा रिव्ह्यू बॅगेचा कमी आणि हुक, चेन, स्प्रिंग यांचाच जास्त आहे.

सुरुवात मी खाली बेस असलेल्या, उभ्या राहणाऱ्या बॅगेपासून केली होती. ड्रिल नको, भिंतीला हात लावायला नको, नको असेल तेव्हा कोपऱ्यात सरकवता येते, ऐकायला सगळं बरोबर वाटतं. बेसमध्ये पाणी भरलं आणि पहिल्याच दिवशी तीन मिनिटांच्या एका राउंडमध्ये बॅग जवळजवळ फूटभर मागे सरकली, मग मी तिला ओढून परत जागेवर आणायची, परत मारायची, असं चालायचं. नंतर पाणी काढून कोरडी वाळू भरली. पाण्याचं वजन लिटरला एक किलो, कोरडी वाळू तेवढ्याच जागेत साधारण दीडपट भरते, त्यामुळे सरकणं बरंच कमी झालं पण थांबलं नाही. आणि खरी अडचण वेगळीच होती. या बॅगेच्या मध्ये प्लास्टिकचा दांडा असतो आणि भोवती फोम, त्यामुळे ठोसा बसला की ती मागे वाकते आणि लगेच उसळून परत येते. टांगलेली बॅग अशी येत नाही, ती संथ झुलते आणि तिच्या झोक्याबरोबर तुम्हाला पाय हलवावे लागतात. मला तेच हवं होतं. शिवाय गोल बेस पायात येतो, जवळ जाऊन अपरकट, म्हणजे खालून वर जाणारा ठोसा, मारायचा तर पुढचा पाय त्या बेसवर आपटतो. तरीही भाड्याच्या घरात असाल आणि ड्रिलची परवानगी नसेल तर हाच मार्ग आहे आणि वाईट नाही, फक्त वाळूच भरा आणि खाली जाड रबरी मॅट टाका.

मग टांगायची ठरली. इथे तीन रस्ते असतात. लोखंडी स्टँड मी लगेच बाद केला कारण त्याचे पाय चारी बाजूंनी पसरतात, बॅगेच्या मागे आणि बाजूला फिरताच येत नाही, आणि मागच्या पायांवर वजनाच्या प्लेट नाही ठेवल्या तर प्रत्येक ठोशाला तो पुढे मागे हलतो. भिंतीवरचा ब्रॅकेट मला खूप आवडला होता, खोलीचा मधला भाग मोकळा राहतो म्हणून, पण माझी त्या बाजूची भिंत हलक्या ब्लॉकची निघाली. ब्रॅकेटमध्ये वरच्या बोल्टवर सतत बाहेर ओढण्याचा ताण येतो, ते भिंतीतून उपसले जायला बघतात, आणि पोकळ किंवा हलक्या ब्लॉकमध्ये ते धरत नाहीत. भिंत भरीव आणि जाड असेल तरच त्या वाटेला जा. अर्ध्या विटेच्या पार्टिशनला तर अजिबात नको. दरवाज्यातल्या पुलअप बारला बॅग टांगलेली पण मी पाहिलीय, ते बघूनच काळजी वाटते, तो बार सरळ खाली लटकणाऱ्या माणसासाठी असतो, बाजूला खेचल्या जाणाऱ्या वजनासाठी नाही.

राहिलं छत. माझं काँक्रीटचं स्लॅब आहे म्हणून मी निर्धास्त होते, पण इथेच सगळ्यात जास्त विचार लागला. ३० किलोची बॅग म्हणजे हुकवर ३० किलो, असं नसतं. साधा हिशोब आहे, बॅग ६० अंशापर्यंत वर जाऊन सुटली तर खाली येताना चेनमधला ताण वजनाच्या दुप्पट होतो. आणि अपरकटने बॅग उचलली गेली, चेन क्षणभर सैल पडली आणि मग एकदम ताणली, तर तो झटका आणखी वेगळा. म्हणून एक आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेला बोल्ट) ठोकून भागवायचं नाही, चार भोकांची स्टीलची प्लेट घ्यायची आणि चार अँकर फास्टनर, म्हणजे भोकात फुगून काँक्रीटला धरणारे बोल्ट, मारायचे. मी १० मिलिमीटरचे घेतले. फास्टनरवर जे भोक सांगितलेलं असतं तेवढंच आणि तेवढंच खोल, भोकातली धूळ फुंकून किंवा ब्रशने पूर्ण काढून, कारण धूळ राहिली की फास्टनर नीट फुगत नाही आणि वरून घट्ट वाटला तरी पकड कमी असते. ड्रिल करताना मध्येच बिट अडकून पुढे जाईना, ती सळई होती. जोर लावून सळई कापायची नाही, प्लेट थोडी सरकवायची आणि नवीन भोक पाडायचं. माझ्या दादाने हे सगळं केलं, मी खाली शिडी धरून उभी होते.

फॉल्स सीलिंग किंवा पीओपी असेल तर त्यातून आरपार वर खऱ्या स्लॅबपर्यंत जायला लागतं, पीओपीमध्ये काहीही अडकवू नका. लाकडी छत असेल तर वासा शोधून बरोबर त्याच्या मध्यावर, आणि शक्य असेल तर दोन वाशांना आडवी जाड फळी मारून तिला हुक.

जागा कुठली निवडायची यात मी एक गोष्ट पार विसरले होते, पंखा. खोली १० फूट लांब, पंखा बरोबर मध्ये म्हणजे ५ फुटांवर. माझी बॅग खिडकीच्या भिंतीपासून ३ फुटांवर येणार होती. पंख्याचं पातं मध्यापासून साधारण २ फूट जातं. म्हणजे पात्याचं टोक नेमकं चेनच्या जागी! हे कागदावर काढलं तेव्हा कळलं, ड्रिल मारायच्या आदल्या रात्री. शेवटी छताचा पंखा काढून भिंतीवरचा लावला. आणि पंख्याच्या पॉइंटकडे जाणारा वायरचा पाईप स्लॅबच्या आतूनच जातो, त्यामुळे तो कुठून येतो ते आधी इलेक्ट्रिशियनला विचारून घ्या आणि ड्रिलच्या वेळी त्या लाईनचा सप्लाय बंद ठेवा.

३ फूट का, तर बॅग मागे जायला निदान दोन अडीच फूट लागतातच, नाहीतर ती भिंतीवर आपटून परत येते आणि नको त्या वेळी तोंडावर येते. पुढे मला सहा फुटांच्या आसपास जागा मिळते, दोन्ही बाजूंना सव्वातीन साडेतीन फूट. पूर्ण गोल फिरता येत नाही हे मान्य करायला लागतं. अर्धवर्तुळात फिरते, डावीकडून उजवीकडे आणि परत, आणि खरं सांगायचं तर त्यामुळे माझं उजवीकडे सरकणं सुधारलं, आधी मी सारखी एकाच बाजूने फिरायचे.

आता झोका. चेन जितकी लांब तितकी बॅग जास्त लांब जाते, आणि बॅग जितकी हलकी तितकी जास्त उडते. त्यामुळे छोट्या खोलीत हलकी बॅग घेतली की जागा कमी लागेल असं जे वाटतं ते बरोबर उलटं आहे. आपल्या वजनाच्या निम्मी, हा जो सगळीकडे सांगतात तो अंदाज मला चांगला लागू पडला, माझं ५८ किलो, बॅग ३०. आणि सगळ्यात मोठा फरक एका साध्या गोष्टीने पडला, बॅगेच्या तळाला जी लोखंडी कडी असते तिला जाड रबरी दोरी बांधून खाली २० किलोच्या प्लेटला अडकवली. झोका निम्म्यावर आला. दोरी फार ताणायची नाही, थोडा झोल ठेवायचा, नाहीतर बॅग खांबासारखी उभी राहते आणि मनगटाला त्रास होतो. ही दोरी नसती तर मी या खोलीत बॅग ठेवू शकले नसते.

उंचीचं म्हणाल तर माझं छत ९ फूट, बॅग ४ फूट, तळ जमिनीपासून अडीच फुटांवर. वरच्या अडीच फुटांत बॅगेच्या चार चेन, स्विव्हल (चेनला पीळ पडू न देणारी फिरती कडी), झटका शोषणारी स्प्रिंग आणि थोडी साधी चेन. माझ्या डोक्याच्या उंचीचा ठोसा बॅगेच्या वरच्या भागात बसतो, पोटाचा खालच्या भागात. लाथा मारायच्या असतील तर बॅग आणखी लांब आणि खाली लागेल, मी फक्त बॉक्सिंग करते.

स्प्रिंगबद्दल वेगळं लिहिते कारण ती मी आधी वायफळ खर्च समजले होते. स्प्रिंगशिवाय पहिला आठवडा वापरली आणि वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या, “अगं, काही पडतंय का तुमच्याकडे? माझ्या पायाखाली धाडधाड होतंय.” माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की माझं छत म्हणजे त्यांची जमीन. उभ्या बॅगेचा दणका खालच्यांना जायचा, टांगलेल्या बॅगेचा वरच्यांना जातो. मी त्यांची माफी मागितली, स्प्रिंग बसवली आणि वेळ विचारून घेतली, आता संध्याकाळी साडेसहा ते सव्वासात. आवाज पूर्ण गेला नाही, स्प्रिंगने बारीक धडधड जाते पण मोठा ठोसा अजून जाणवतो असं काकू सांगतात, आणि मला वाटतं हे विकत घेणाऱ्याला आधी माहीत हवं. भिंतीला फोम चिकटवून याचा काही उपयोग नाही, हा आवाज हवेतून नाही, स्लॅबमधून जातो.

बॅग मी रिकामी घेतली आणि स्वतः भरली. दोन रविवार लागले. जुने टीशर्ट, चादरी, टॉवेल, सगळ्यांची बटणं आणि झिप कापून, मोठे तुकडे न ठेवता, थोडं भरायचं की लाकडी दांड्याने ठेचायचं. नुसती वाळू भरू नका, ती काही दिवसांत तळाशी जाऊन दगड होते आणि वर पोकळ राहतं. वजन कमी पडलं तर वाळूच्या लांब पिशव्या बांधून बरोबर मध्यात, भोवती कापड. तीन महिन्यांनी माझी बॅग वरून चार बोटं खाली बसली, परत उघडून भरली, हे होणारच. एका मैत्रिणीने भरलेली विकत घेतली ती खालून इतकी कडक आहे की मी तिथे पोटाचे ठोसे मारायचं सोडून दिलं.

ग्लोव्ह्ज १४ औंसचे आणि आत हाताला गुंडाळायची साडेचार मीटरची कापडी पट्टी, दोन्ही रोज, कितीही घाई असली तरी. करंगळीच्या बाजूने ठोसा बसला की करंगळीच्या मागच्या, तळहातातल्या हाडाला फ्रॅक्चर होऊ शकतं, आणि बॅगेवर दमल्यावर मनगट वाकतंच. शेवटच्या राउंडला मी जोर कमी करते, वेग नाही.

आठ महिन्यांत काय बिघडलं तर, नट दोनदा सैल सापडले, तेही स्प्रिंग वॉशर असताना, म्हणून आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी शिडी लावून पाना फिरवते आणि प्लेटभोवती प्लॅस्टरला भेग आहे का बघते. स्विव्हल चौथ्या महिन्यात कुरकुरायला लागलं, दोन थेंब तेलाने थांबलं. कॅराबिनर, म्हणजे बॅग अडकवायची उघडझाप होणारी कडी, आधी जो सोबत आला होता तो हलका होता, तो किती वजन पेलेल ते त्यावर लिहिलेलंच नव्हतं, तो काढून ते छापलेला लावला. रेक्झिनला शिवणीपाशी एक चीर आहे, टेप लावलीय, अजून वर्ष जाईल.

बॅग रोज उतरवणं मला एकटीला जमत नाही, ३० किलो डोक्यावर उचलून कॅराबिनर सोडवायचा म्हणजे दोन माणसं हवीत. म्हणून खिडकीच्या बाजूला भिंतीवर कमरेच्या उंचीवर एक छोटा हुक मारलाय, व्यायाम झाला की खालची दोरी प्लेटपासून सोडते आणि त्या हुकात अडकवते, बॅग तिरकी होऊन भिंतीला टेकते आणि खोलीत इस्त्रीचं टेबल उघडायला जागा होते. सध्या फक्त वरच्या साध्या चेनच्या जागी जाड नायलॉनचा पट्टा लावून बघायचाय, चेनच्या कड्यांचा खडखडाट त्याने जातो का ते, काकूंना विचारूनच कळेल.